सारजाबाईचा दुखरा गुडघा

उरवडे गावात कुणालाही विचारा, सारजाबाईच्या खोल्या कुठल्या, तर लोक आधी हसतील आणि मग रस्ता दाखवतील. हसतील ते तिच्या तोंडाला. रस्त्याकडेचं रान कारखान्याला गेलं, तेव्हा म्हातारीनं अंगणाच्या कडेला खोल्या बांधल्या आणि कॉलेजच्या पोरींना भाड्यानं दिल्या. भाडं उशिरा आलं तर ती चकार शब्द काढत नाही; पण एखादी न जेवता निघाली, की अख्खी आळी ऐकेल एवढ्या आवाजात तिचा उद्धार. एकीनं पहिल्याच दिवशी 'आंटी' म्हटलं, तर "आंटी आसंल तुजी मावशी, मी आजी हाय," म्हणून तिला तिथंच सरळ केलं.

अशा या बाईला यंदा दिवाळी सरता सरता घोर लागला तो वैष्णवीचा. वैष्णवी जालन्याची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दोन विषय राहिले आणि पोरीनं अंथरूणच धरलं. ताप नाही, खोकला नाही. दिवसभर खिडकी लावून भिंतीकडं तोंड करून पडायची. डबा जसाच्या तसा परत. शेजारच्या खोलीतल्या स्नेहलनं सांगितलं, "आजी, तिला डिप्रेशन आलंय. कॉलेजात एक मॅडम आहेत अशा मुलांशी बोलायला, पण ही खोलीच सोडत नाही."

सारजाबाईनं वैष्णवीच्या वडिलांना, एकनाथरावांना फोन लावला. ते म्हणाले, "रविवारी येतो आणि सामानासकट घेऊन जातो. बास झालं शिक्षण." खरं तर म्हातारीला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं, ही इथली भिंत सोडून तिथल्या भिंतीकडं तोंड करून पडणार, दुसरं काय!

त्यात तिचा गुडघा सुजला, आणि तोही ऐन भातकापणीत. तिकडं काही घरांत अजून सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझं भात कापायचं, उद्या माझं. घरटी एक माणूस द्यायचं, आणि जे घर माणूस देणार नाही त्याच्या वावरात कुणी फिरकणार नाही. मुलगा निरंजन कंपनीत शिफ्टला. दुसऱ्या दिवशी कुशाबाच्या रानात जायला घरात माणूसच नव्हतं. सारजाबाईनं वैष्णवीचं दार वाजवलं.

"वैष्णे, ऊठ. उद्या माज्या जागी कुशाबाच्या रानात जायाचं."

"आजी, मला नाही येत ते."

"पेंढ्या उचलायला काय परीक्षा आसती व्हय? ह्यो गुडघा बघ, भोपळा झालाय निस्ता. तू न्हाई गेलीस तर माजं भात हुबंच ऱ्हाईल."

गुडघा खरोखरच सुजला होता. पोरीनं तो पाहिला आणि नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

संध्याकाळी परत आली ती हात ओरखडलेली, अंग खाजवत, केसांत भाताचा भुसा. दोन भाकरी खाल्ल्या आणि मेल्यासारखी झोपली. सकाळी बघावं तर खिडकी उघडी! त्या दिवशीही ती सावडीला गेली आणि संध्याकाळी आपणहून बोलायला लागली. कापलेल्या वावरात बगळे किती जवळ येतात, ओढ्याचं पाणी किती गार, वारा आला की ओल्या पेंढ्याचा वास कसा अंगभर येतो. बायांनी तिला मार्क विचारले नव्हते. "लगीन ठरलंय का," एवढं मात्र प्रत्येकीनं विचारलं, आणि हे सांगताना ती चक्क हसली.

इकडे निर्गुडीच्या पाल्यानं शेकून गुडघा उतरला. आता आली का पंचाईत! सारजाबाई जन्मात खोटं बोलली नव्हती असं नाही, पण खोटं लंगडली कधी नव्हती. पोरगी अंगणात दिसली, की भिंत धरून "आई गं" करायची; पोरगी वळणाआड गेली, की तुरुतुरु गोठ्यात. म्हसोबापुढं तिनं हात जोडले, "देवा, रविवारपातूर लंगडू दे. मंग खरंच मोडलास तरी चालंल."

रविवारी सावड तिच्याच रानात होती. एकनाथराव गाडी घेऊन दारात आले, मागच्या सीटवर रिकाम्या बॅगा.

"वैष्णवी कुठंय?"

"रानात गेलीया, भात कापाय."

"आजारी पोरीला तुम्ही कामाला लावलंत?" एकनाथराव लालबुंद झाले.

"चला, दावते," म्हणून सारजाबाई जी निघाली ती बांधावरनं थेट पळतच. पोरगी आता हातची जाणार, एवढं एकच डोक्यात. गुडघ्याची आठवण कुणाला!

वैष्णवी पेंढ्यांचा भारा घेऊन वावरात उभी होती. ती ओरडली, "आजी, लंगडायचं विसरलात!" बाया पोट धरधरून हसायला लागल्या.

"म्हंजी, तुला ठावं व्हतं?"

"उजवा सोडून डावा गुडघा धरायला लागलात, तेव्हाच कळलं."

"मंग जात का व्हतीस, मेले?"

वैष्णवीनं भारा खाली ठेवला. "सगळे मला म्हणत होते, तू आराम कर. तुम्ही एकट्याच म्हणालात, तू नाही गेलीस तर माझं अडेल." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मग ती वडिलांकडं वळली. "बाबा, मी आज नाही येणार. उद्या विश्रामकाकांच्या रानात आपल्या घराची पाळी आहे. आणि मंगळवारी कॉलेजातल्या मॅडमना भेटायचंय, मी वेळ घेतलीय."

एकनाथरावांना आठवलं, गणपतीत घरी आलेली पोरगी भरल्या ताटावरनं उठून गेली होती. तीच ही, उन्हानं काळवंडलेली, रडत होती आणि हसतही होती. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि वावरात उतरले.

सारजाबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि लगेच खेकसली, "पाव्हणं, पेंढी आशी न्हाई धरत! आन् तुमचा आजचा दिस सावडीत धरला बरं का. फेडायला मी येनार जालन्याला. गुडघा दुखत आसला तरी!"