गुडघे कोणाचे?

गोंधळ निस्तरायला निघून तो दुप्पट करून ठेवणारी माणसं जगात पुष्कळ. पण त्या गोंधळानेच माणसं बरी करणारा मी एकच पाहिला, आमच्या शेजारचे रिटायर नाकेदार. सगळी हयात जंगलखात्यात गेलेली. पंचावन्न सालच्या आसपास मी चांदा जिल्ह्यात, गोंडपिपरीकडच्या एका गावात मास्तर होतो. हे गृहस्थ भर उन्हाळ्यात खाकी कोट चढवून, पायांत दोन जोडांतल्या दोन चपला घालून हिंडत. चूक दाखवली तर म्हणत, "डावी डाव्याच पायात हाये न?"

बाजाराच्या दिवशी दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली ते गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मन मोकळं करायला जमवत. इथवर ठीक. पण नियम असा, की स्वतःचं दुःख स्वतः सांगायचं नाही. शेजारी बसलेल्याचं, आपलंच समजून सांगायचं. हे काय खूळ, असं मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, आपलं दुःख माणूस फुगवून सांगते. दुसऱ्यानं सांगतलं का बराबर मापात येते." कोणी फार लांबवलं की नोकरीतली शिट्टी फुंकत आणि पुढच्याला बोलायला लावत.

झालं! गावात कोणाला काय होतंय याचा पत्ताच लागेना. मासे धरणारा काशीराम 'सून मले वाढत नाई' म्हणून रडला, तर त्याची गरीब सून ताटभर भात घेऊन धावत पाळीवर आली. न वाढणारी सून निघाली त्याच्या शेजारी बसलेल्या सगुणाबाईची. सगुणाबाईने गुडघ्यांचे असे हाल सांगितले, की मी तिच्या घरी तेल नेऊन दिलं. "गुडघे माहे नाई मास्तर, काशीरामभाऊचे हायेत," ती म्हणाली. तेल मात्र ठेवून घेतलं. एवढं होऊनही रडलेली माणसं हसत घरी जात. कशी, ते मला कधी उमगलं नाही.

मग एका तापात नाकेदारांची बायको गेली आणि नाकेदारांची वाचाच बसली. मुलगा आला, विनवून थकला. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत बोलले नाहीत तर चांद्याला माझ्याकडे घेऊन जातो, म्हणाला.

बाजाराच्या दिवशी नाकेदार आपणहून येऊन मोहाखाली बसले. शिट्टी मुठीत. सुरुवात कोणी करायची ते कोणालाच कळेना. शेवटी त्यांच्या शेजारी बसलेला काशीराम खाकरला.

"माही बायको गेली," तो म्हणाला. "सकाळी चुलीपाशी जाऊन हाक मारतो. मंग आठवते."

त्याच्या पलीकडची सगुणाबाई गोंधळली. नियमाने तिला काशीरामचं सांगायचं होतं.

"माहीबी बायको गेली," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. बोलायची पाळी फिरत गेली आणि सगळ्यांचीच बायको जात गेली. मग सगळे नाकेदारांकडे बघू लागले. त्यांनी काशीरामकडे पाहिलं.

"माहे गुडघे," ते म्हणाले, "माहे गुडघे लय दुखून राह्यले गा," आणि हमसून हमसून रडू लागले. किती लांबवलं त्यांनी! शिट्टी मुठीतच राहिली. मुलगा एकटाच चांद्याला परत गेला.

त्या मोहाखालचं आता कोणी उरलेलं नाही. माझेही गुडघे दुखतात. शेजारी बसून सांगणारं कोणी नाही, म्हणून नियम मोडून मीच सांगतोय.