दारातले गुरुजी

लेकरू तपासणीच्या खोलीत गेलं की गुरुजी दारातच बसायचे. बाकडं रिकामं असलं तरी उंबऱ्याशीच, कान आणि डोळे आत लावून. मी मुलाला विचारावं, “आठवड्याचे वार किती?” आणि उत्तर दारातून यावं, “सात!”

“गुरुजी, तुम्हाला नाही विचारलं.”

“निसटलं, बाई. आता गप बसतो.”

ते गप बसल्याचं मला एकदाही आठवत नाही.

लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलांची बुद्धी, लक्ष, स्मरण तपासायचं माझं काम अंबाजोगाईत चालायचं. गुरुजी नेकनूरकडच्या एका शाळेतले. मुलांना ढकलत ढकलत वरच्या वर्गात घालणारे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. हा माणूस मात्र रजा टाकून, एसटीनं, एकेकाला बोटाला धरून माझ्याकडे आणायचा. “ह्याला ढ म्हनू नगा, एवढंच लिवून द्या,” हे त्यांचं ठरलेलं. बंद दाराला मुलं भितात म्हणून मी दार अर्धं उघडं ठेवी. ती चूक माझी.

एका वर्षी त्यांनी दहावीतली मुलगी आणली. तोंडी उत्तरं चोख, वाचायला दिलं की घामाघूम. बुद्धी चांगली, अडचण फक्त वाचनाची, असा माझा दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत तिला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळणार होता. नापास झाली की लग्न, असं बापानं सांगूनच ठेवलं होतं.

मी लाल-पांढरे ठोकळे पुढे ठेवले. चित्र बघून तशी नक्षी जुळवायची. पोरीनं पहिली जुळवली, दुसरी जुळवली. मी हरखले. मग मी पान उलटायच्या आधीच तिनं तिसरी मांडली.

“कुणी शिकवलं गं?”

“गुरुजींनी. सुताराकडून ठोकळे करून घेतलेत. रोज शाळा सुटल्यावर बसवत्यात.”

मी दारात गेले. गुरुजी उठले, कौतुक ऐकायच्या तयारीनं.

“हे काय केलंत, गुरुजी? पाठ करून आलेल्या मुलीचा अहवाल मी कसा लिहू?”

त्यांचा चेहरा उतरला. “मागल्या पोराची बुद्धी कमी हाय असं लिवलंत तुमी. त्याच्या बापानं दप्तर चुलीत घातलं. म्हनून लई भ्यालो, बाई. म्हनलं, हिची तयारी करून न्यावी.”

शिकवण्यावाचून त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. रागवावं तरी कोणत्या तोंडानं? पण खोटं लिहायला माझा हात धजेना. दुसरी चाचणी माझ्याकडे नव्हती आणि हीच पुन्हा घ्यायची तर वर्ष जाऊ द्यावं लागतं. मी पुढच्या वर्षीची तारीख दिली. मुलगी दाखल्याविना परीक्षेला बसली आणि नापास झाली.

तारखेला गुरुजी आले. एकटेच.

“मुलगी कुठंय?”

“लगीन लावलं तिचं. चार मानसं घेऊन गेलतो घरी. न्हाई ऐकलं.”

“मग तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?”

“तारीख दिलती न तुमी.” ते आत आले आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. “माझीच घ्या तपासणी. शिकवूनबी लेकराचं वाटोळं कसं हुतंय, ते तरी कळू द्या.”

मला रडू आवरेना. त्यांच्या चुकीमागं निदान माया होती. माझ्या खरेपणानं कुणाचं भलं झालं, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर गुरुजी आले नाहीत. नेकनूरकडून एकही मूल आलं नाही.