बुटक्या स्प्रिंगा आणि तीन मजली केक

लिफ्टमध्ये शिरलं की माणसं आरशात केस नीट करतात, नाहीतर मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहतात. माझे भाऊजी खाली वाकून पाण्याचा ग्लास ठेवतात. ते लिफ्ट इन्स्पेक्टर आहेत. ग्लास काठापासून बोटभर कमी भरलेला असतो. लिफ्ट वर जाते, खाली येते, थांबते. पाणी जमिनीवर सांडलं की भाऊजींच्या बॅगेतून लाल स्टिकर निघतो : ‘वापरण्यास अयोग्य’. बाकीच्या किचकट तपासण्याही ते करतात, पण खरा विश्वास ग्लासावर. एका हॉटेलवाल्याने गयावया केली, “साहेब, थोडंसंच तर सांडलंय.” भाऊजी म्हणाले, “आत उभ्या माणसाच्या पोटातही थोडंसंच हलतं,” आणि स्टिकर अंगठ्याने दाबून चिकटवला.

असा हा माणूस पन्नाशीला आल्यावर एका गाडीपायी बिघडला.

आधी घरचं सांगते. माझी ताई घरी केक करून विकते. त्यावरची साखरेची फुलं मी करते. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे झोपेपुरती माझ्या घरी आणि एरवी ताईच्या स्वयंपाकघरात. भाऊजींना तिथे काही करू द्यायची सोय नाही. एकदा त्यांना अंडी फेटायला दिली होती, त्याचा डाग छतावर अजून आहे. त्यांचं काम एकच, सुट्टीच्या दिवशी तयार केक गिऱ्हाइकाकडे पोचवायचा. त्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आणि पोचवून आल्यावर ते सांगत बसायचे. खोकं उघडल्यावर कोण काय म्हणालं, कोणत्या आजोबांनी आधी चष्मा पुसला, कोणत्या काकूंनी सगळ्यांची नजर चुकवून कडेचं क्रीम बोटाने चाटलं. ताई दिवसभर उभी असते. संध्याकाळी ती सोफ्यावर पडायची, पाय उचलून ठेवायची आणि डोळे मिटून ऐकायची. आपल्या केकसमोर लोकांचे चेहरे कसे होतात हे तिने स्वतः कधीच पाहिलेलं नाही, तोवर ती पुढच्या केकच्या भांड्यांत असते. तिला ते चेहरे भाऊजींनीच आणून दिले. मी हे तोंडावर कधी म्हणत नाही, कारण ते लगेच भाव खातात.

तर गाडी. जुनी गाडी दमली म्हणून भाऊजींनी दुसरी घेतली, तीही कोणाची तरी फारशी न वापरलेली. लहानशीच, मागचं दार वर उघडणारी, पण स्पोर्टी. रंग असा, की माझ्या फुलांत तो घातला तर ताई मला हाकलून देईल. “केक ठेवायला मागे सपाट जागा आहे,” असं कारण त्यांनी दिलं. सपाट जागा ट्रॉलीलाही असते, असं मी म्हटलं. ते ऐकू न आल्यासारखे बोनेट पुसत राहिले.

महिनाभरात त्यांच्या मनाने घेतलं, की गाडी फार उंच दिसते. चाक आणि वरची पत्र्याची कमान यांच्यात अख्खी मूठ जाते म्हणे. ही मूठ त्यांनी मला घालून दाखवली, ताईला दाखवली, वॉचमनलाही दाखवली. मग गाठलं गॅरेज. गॅरेजवाला म्हणजे तोंडात टूथपिक धरून बोलणारा, बोलायला लागला की हातातलं काम विसरणारा माणूस. तो म्हणाला, “साहेब, बुटक्या स्प्रिंगा बसवतो, गाडी खाली येईल. पण त्यांच्याबरोबर शॉक, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही बदला. जोडीने आलेली बरी.”

भाऊजी म्हणाले, “शॉक तर नव्यासारखे आहेत. चांगला पार्ट फेकायचा कशाला?”

हा त्यांचा जुना रोग. वाकलेला खिळा दिसला तर सरळ करून डब्यात टाकतात. त्यातून शॉक पडला चाकाच्या आत, आडबाजूला. तो नवा असला काय आणि जुना असला काय, रस्त्यावरून बघणाऱ्याला काय कळणार? गॅरेजवाल्याने टूथपिक या गालातून त्या गालात नेली आणि फक्त स्प्रिंगा बदलून दिल्या.

जुन्या स्प्रिंगाही अर्थात घरी आल्या. मागच्या दोन त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतल्या, वर फळी आणि गादी ठोकली आणि ताईला पाय ठेवायला स्टूल केलं. “तुझ्या पायांसाठी,” एवढंच म्हणाले. ताई पहिल्यांदा हसली, मग स्टुलावर पाय ठेवून तिथेच झोपली.

गाडी दिसायला लागली झोकदार, हे मी कबूल करते. सिग्नलला पोरं वळून बघायची. भाऊजी समोर बघत असल्याचं नाटक करायचे, पण कान लाल व्हायचे. बिल्डिंगच्या उतारावर मात्र गाडीचं पोट घासायचं, म्हणून ते ती तिरकी चढवायचे आणि मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. तेही त्यांना कौतुकच वाटायचं.

मग आला एका लग्नाचा तीन मजली केक.

त्यावरच्या गुलाबांसाठी मी मान मोडून बसले होते. एकेक पाकळी कागदाइतकी पातळ. भाऊजींनी केक गाडीत ठेवला, खाली रबराची चटई, बाजूने टॉवेल, सगळं नेहमीसारखं. मी शेजारी बसले. शाळेसमोरच्या स्पीडब्रेकरवर गाडी खाली गेली, तळाशी धाडकन आपटली आणि वर आली. इथवर ठीक. पण वर आल्यावर ती थांबेना. खाली, वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, पुढच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघं माना हलवत गेलो. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, यांचं किती एकमत आहे.

हॉलवर पोचून खोकं उघडलं. वरचा मजला एका बाजूला कलला होता आणि माझे गुलाब मधल्या मजल्यावर येऊन पडले होते. भाऊजींनी केकची वाईट बाजू भिंतीकडे केली. नवरीची आई म्हणाली, “हा असा वाकडा का?” भाऊजी म्हणाले, “हल्ली असाच करतात.”

हल्ली असा करत नाहीत हे नवरीच्या आईला माहीत होतं. तिने ताईला फोन केला.

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भांडी घासली, ओटा पुसला आणि म्हणाली, “पुढच्या वेळेपासून केक फुलवाला नेईल.” फुलवाला म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला. त्याच्याकडे व्हॅन होती. तो माझ्या फुलांना ‘खोटी फुलं’ म्हणतो, त्यामुळे माझं त्याच्याशी आधीच बरं नव्हतं.

भाऊजींनी सगळ्यांवर खापर फोडून पाहिलं. रस्ते वाईट, टायरमध्ये हवा जास्त, आणि शेवटी, “हिची फुलंच जड असतात.” नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी त्यांच्याशी फक्त ताईमार्फत बोलू लागले.

सुट्टीच्या दिवशी फुलवाला आला, केक घेऊन गेला. भाऊजी बाल्कनीत उभे होते. “खोकं आडवं धरलंय त्याने,” असं कठड्याला सांगत होते. संध्याकाळी फुलवाला रिकामा ट्रे द्यायला आला. ताईने विचारलं, “कसा वाटला त्यांना?”

“दिला,” फुलवाला म्हणाला आणि गेला.

ताई सोफ्यावर पडली, स्टुलावर पाय ठेवले. भाऊजी समोरच्या खुर्चीत. सांगायला काही नव्हतं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली. पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. “दिला.” केक जात होते, गिऱ्हाइकं खूश होती, आणि ताईच्या कामातला भाऊजींचा वाटा संपला होता. नोकरीवरून काढलेल्या माणसासारखे ते दर सुट्टीला सकाळी लवकर आंघोळ करून, बूट घालून बसायचे.

एक दिवस जेवताना ताई सहज म्हणाली, “अहो, एखादी लिफ्ट तुमच्या गाडीसारखी झोके घेत थांबली असती तर तुम्ही काय केलं असतं?”

भाऊजींचा घास हातात राहिला. जेवण उरकून ते उठले, बॅगेतून ग्लास काढला, पाणी भरलं आणि मला म्हणाले, “चल. तू फक्त ग्लासाकडे बघ.” माझा अबोला चालू होता, पण ग्लासाशी माझं भांडण नव्हतं.

मी मागे बसले, ग्लास माझ्या पायाशी. शाळेसमोरचा स्पीडब्रेकर आला. पहिल्या दणक्याला पाणी काठापर्यंत आलं. नंतरच्या झोक्यांत ते थोडंथोडं करून माझ्या चपलेत उतरलं. भाऊजींनी गाडी कडेला घेतली, मागे वळून ग्लास पाहिला. चेहरा असा, की मी माझा अबोला विसरले.

“गेलं असेल थोडंसं,” मी म्हटलं.

“थोडंसं नाही,” ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी बॅगेतून लाल स्टिकर काढला आणि आपल्या लाडक्या गाडीच्या समोरच्या काचेवर अंगठ्याने दाबून चिकटवला. ‘वापरण्यास अयोग्य’. वॉचमन इतका घाबरला, की त्याने गाडीभोवती दोरी बांधली आणि पोरांना तिच्याजवळ खेळू देईना.

गॅरेजवाला तपासायला घरीच आला. स्टिकर वाचून त्याने टूथपिक काढून हातात घेतली, म्हणजे प्रसंग गंभीर होता. “मी तेव्हाच सांगितलं होतं,” हे वाक्य त्याने मनापासून चाखत म्हटलं. “स्प्रिंग दबली की उसळणारच. तिला आवरायचं काम शॉकचं. तुमची नवी स्प्रिंग कडक, तिची उसळी जास्त. जुना शॉक जुन्या स्प्रिंगच्या मानाने केलेला, त्याला ही आवरत नाही. शिवाय गाडी खाली आली, त्याला दबायला जागा नाही, म्हणून आपटतो. एकतर या स्प्रिंगांच्या मापाचे शॉक लावा, नाहीतर जुन्या स्प्रिंगा परत द्या.”

भाऊजींनी खाली मान घातली. “जुन्याच लाव,” ते म्हणाले. गाडी पुन्हा उंच होणार, मूठ जाणार, सिग्नलला कोणी बघणार नाही. त्यांना काय वाटत असेल ते मला दिसत होतं. ते स्टूल आणायला वर गेले. मी मागोमाग.

ताईचे पाय स्टुलावर होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पाय काढले नाहीत.

“स्टूल मोडायचं नाही,” ती म्हणाली. “शॉक बदला.”

शॉक बदलले. आखूड, ताकदीचे, त्या बुटक्या स्प्रिंगांसाठीच केलेले. भाऊजींनी ग्लास ठेवून चक्कर मारली, पाणी ग्लासातच राहिलं. तरी स्टिकर काढेनात. “आपण बसवलेली लिफ्ट आपणच पास करायची नसते,” म्हणाले. त्यांनी लिफ्ट कधीच बसवलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून ताई खाली आली. एप्रन तसाच. तिने दोन मजली केक करून आणला होता, वरचा मजला नुसता ठेवलेला, आत आधाराची काडी नाही. त्यावर माझा एक गुलाब, तोही नुसता ठेवलेला. ती स्वतः मागे बसली, पण केकला हात लावला नाही. मी पुढे. स्पीडब्रेकर आला तसे मी डोळे मिटले. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. पाठीला चांगला दणका बसला, पण एकच. वळून पाहिलं तर गुलाब जागेवर होता.

“कडक आहे,” ताई म्हणाली. मग गुलाबाकडे बघून, “पण उड्या मारत नाही.” उतरल्यावर तिने ओल्या बोटाने स्टिकर खरवडून काढला. पूर्ण निघाला नाही, एक लाल कोपरा काचेवर अजून आहे.

पुढच्या सुट्टीला केक भाऊजींनी नेला. आधी ताई केकच्या काळजीने गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत फाटकात उभी राहायची. या वेळी तिने खोकं त्यांच्या हातात दिलं आणि सरळ आत येऊन भांडी घासायला घेतली. खिडकीतून मला दिसलं, भाऊजींनी गाडीत बसून आरशात तिला शोधलं. ती नव्हती. त्यांचे कान लाल झाले. सिग्नलच्या पोरांनी पाहिलं की व्हायचे त्याहून जास्तच.

संध्याकाळी ते आले. ताई सोफ्यावर पडली होती, पाय स्टुलावर, डोळे मिटलेले. भाऊजींनी बूटही काढले नव्हते.

“हं,” ताई म्हणाली, “सांगा. खोकं कोणी उघडलं?”