‘आई म्हणते’ नावाचं दुकान

परवा एका साखरपुड्यात शाळेतल्या जुन्या सहकारी बाई भेटल्या. पंगतीत शेजारी बसल्या आणि भातावर वरण पडायच्या आत विचारतात, "काहो, तुमच्या पोरीचं ते मोबाइलवर दोन-दोन ओळी लिहिणं, त्यानं खरंच धंदा चालते का? माह्या सुनेले मसाल्यायचं सुरू करायचं हाय." मी म्हटलं, चालतो. चांगला चालतो. त्या खूश झाल्या आणि मी वरणभात कालवत बसले. पंगतीत याच्यापुढचं काय सांगणार, कपाळ?

मी अमरावतीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. वर्गात ‘आहे-नाही’ आणि घरात ‘हाय-नाई’, अशी माझी उभी हयात गेली. माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं. आमच्याकडे लाडानं बोललेलंसुद्धा लांबून भांडणासारखं ऐकू येतं. नवरा गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. एकुलती एक लेक अकोल्याला दिली होती, तिचा संसार टिकला नाही. का टिकला नाही ते लिहीत नाही, ती तिची गोष्ट आहे. एक बॅग घेऊन ती त्या घरातून निघाली, पण माझ्याकडे आली नाही. अकोल्यातच दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. "आई, तुह्याकडे आली तं मी बसूनच जाईन," म्हणाली. खरं होतं. मी तिला बसवूनच ठेवलं असतं.

मग रोज दुपारी चहाच्या वेळी तिचा फोन यायचा. तो फोन म्हणजेच माझा दिवस होता, दुसरं होतं काय मला? काय खाल्लं, काहून नाही खाल्लं, केस कोणाले विचारून कापले, अशी मी तिला यथेच्छ झोडायची. सुरुवातीला ती फार बोलत नसे. नुसती ऐकायची. मध्येच एखाद्या वाक्याला खुदकन हसली की मला वाटायचं, चला, आज पोरगी पोटभर जेवली.

त्याच दिवसांत तिनं उन्हाळी वाळवणाचं दुकान काढलं, ऑनलाइन. कुरोड्या, म्हणजे तुमच्या कुरडया, ज्वारीचे पापड, मुगवड्या आणि आमचे सरगुंडे. सरगुंडे म्हणजे कणकेची वळी काडीवर गुंडाळायची, काडी काढून वाळवायची आणि मग उकडून आंब्याच्या रसाबरोबर खायची. वऱ्हाडाबाहेर नाव काढलं तर लोक तोंडाकडे पाहतात. फोटो फार सुरेख काढायची ती. पितळी ताट काय, केळीचं पान काय! पण कुत्रं विचारेना. पाकिटं पलंगाखाली पडून होती आणि ती मला सांगायची, सगळं ठीक चाललंय. आईला काय कळत नाही?

एका दुपारी ती सांगत होती की पापड भाजता भाजता करपला, आणि त्याच दमात म्हणाली, आता मी देशभर माल पाठवणार. मी म्हटलं, "पापड भाजता येत नाई अन् निघाली दुनिया गाजवायले!" ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. तेच वाक्य तिनं त्या दोन-चार ओळींच्या अ‍ॅपवर टाकलं. वर ‘आई म्हणते’, खाली पापडांचा फोटो. दोन दिवसांत पलंगाखालचे पापड संपले.

मग काय विचारता! पुण्याचे, नाशिकचे, एक बाई तर थेट दुबईहून. "काकू, अजून बोला ना." लेक म्हणाली, "आई, लोक कुरोड्या नाई घेऊन राहिले, तुले घेऊन राहिले." मी म्हटलं, "मंग किलोचा भाव वाढव." संध्याकाळी तेही वर गेलेलं! खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. आयुष्यभर पोरींच्या वह्यांत शुद्धलेखन तपासलं, आणि लोक कौतुक करत होते ते माझ्या घरच्या बोलीचं. दुपारच्या फोनसाठी मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवायला लागले. दूध उतू जायचं आणि मी गॅसपाशी उभी राहून पुटपुटायची. एकदा तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं, माणसानं कुरोडीसारखं असावं, गरम तेलात पडलं की फुलावं. मी लगेच फोन लावला, "हे मी कधी म्हटलं वं? कुरोडी मी तळते, तिच्याकडून शिकत नाई!" तर तेही टाकलं बाईनं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पोरगी मान वर करून चालायला लागली होती, बाजारात लोकांशी घासाघीस करायला लागली होती. ते पाहून मी देवापुढे साखर ठेवली.

नंतर तिच्या बाबांची तिथी आली. जेवणं झाली, सगळे पांगले, आणि घर अंगावर यायला लागलं. तिचा फोन आला. ती म्हणाली, "आई, बाबाची लय आठवण येऊन राहिली." आणि मी इतक्या वर्षांत सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. "तुह्या बापानं मरतानाई मले उठवलं नाई वं. झोप मोडंल म्हून. बाजूलेच झोपली होती मी. एक हाक मारली असती तं..." तिकडे ती रडत होती, इकडे मी. फोन ठेवला तेव्हा छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

सकाळी चहा घेताना मोबाइल उघडला. आई म्हणते: "त्यानं मरतानाई मले उठवलं नाई. झोप मोडंल म्हून." खाली सरगुंड्यांचं पाकीट. ऑर्डर घेणं सुरू आहे. ‘एक हाक मारली असती तं’ हे तिनं गाळलं होतं. लांबत असेल.

फोन लावला आणि ओरडलेच, "माह्या नवऱ्याले पाकिटावर चिकटवलं वं तू?"

ती म्हणाली, "बाबा माहेही होते ना, आई. लिहितानी मी रडली. मी काही खोटं नाई टाकलं." मग हळूच म्हणाली, "कालपासून एवढ्या ऑर्डरी आल्या की दोन बायका कामाले लावल्या. त्या आता दारात उभ्या हायेत. त्याईले परत पाठवू का?"

काय सांगणार होते मी? बॅग घेऊन रस्त्यावर उभी राहिलेली पोर माझ्याच जिभेच्या आधारानं उठली होती. तो आधार काढून घेऊ? "नाही, राहू दे," म्हटलं आणि फोन ठेवला. राग तिच्यावर काढता येईना, म्हणून दिवसभर भांडी आपटली.

दुपारचा फोन त्यानंतरही येत होता. पण मी बोलताना हात आखडता घ्यायला लागले. जेवलीस का? हो, मी जेवले. ऊन फार आहे. डोक्याला रुमाल बांधत जा. एक दिवस माझं मलाच ऐकू आलं, मी तिच्याशी शाळेत पालकांशी बोलायची तशी बोलत होते. स्वच्छ, नीट, दारातल्या दारात. तिला ते कळलं नसेल असं नाही. पण ती विचारेना आणि मी सांगेना. तासाभराचा फोन चहा निवायच्या आत संपायला लागला. दुकान मात्र जोरात होतं. ‘आई म्हणते’ आता ती स्वतःच लिहायची, आणि वाईट लिहायची असंही नाही. सकाळी शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "मॅडम, काय बोलल्या काल तुमी, भल्ली मजा आली!" मी हसून विचारायची, काय बोलले हो? तिनं वाचून दाखवलं की मला समजायचं.

या उन्हाळ्यात हाताला मदत म्हणून अकोल्याला गेले. गच्चीवर, हिरव्या जाळीच्या सावलीत आम्ही दोघी सरगुंडे वळत बसलो होतो. कामाच्या बायका जेवायला गेल्या होत्या. तिचा मोबाइल खाली खोलीत चार्जिंगला लावलेला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मान वर न करता ती म्हणाली, "आई, त्यानं दुसरं लग्न केलं. काल समजलं."

असं काही जिभेवर आलं म्हणता! त्या माणसाची, त्याच्या वरातीची, त्याच्या घोड्याचीसुद्धा धडगत नव्हती. ते ऐकून पोर आधी हसली असती आणि मग माझ्या मांडीवर पडून पोटभर रडली असती. तिला तेच हवं होतं. ती हातातली काडी तशीच धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती, लहानपणी पडून गुडघा फुटल्यावर पाहायची तशी. आई आधी तोंड सोडणार, मग जवळ घेणार. पण ते वाक्य ओठांवर आलं आणि मला ते लिहिलेलंच दिसलं, वर ‘आई म्हणते’, खाली पाकीट. मी हातातली वळी काडीवर गुंडाळली.

"फार वाईट झालं, बाळा," मी म्हणाले. "काळजी घे स्वतःची."

मग तिनं मान खाली घातली आणि पुढची वळी हातात घेतली.

"थँक्यू," ती म्हणाली.