ग्लेनाने लांबवलेली नोकरी

वेस्ट व्हर्जिनियातल्या एका खोऱ्यात, कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीत ग्लेना हॅचर राहायची. ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. नवरा डेलमर उभा जन्म खाणीत घालवून घरी बसला होता. छाती कोळशाच्या धुळीने भरलेली, नाकात नळी, खाटेशेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र.

त्या खोऱ्यात जरा वारा सुटला की झाडं तारांवर कोसळत आणि वीज जाई. एका हिवाळ्यात ती इतकी लांबली की घरातले ऑक्सिजनचे राखीव सिलिंडर संपत आले. ग्लेनाने डेलमरला गाडीत घातलं आणि बर्फातून दवाखान्यात नेलं. वाटेत त्याचे ओठ निळे पडलेले तिने पाहिले. तो बरा होऊन परतला तेव्हा तिचं ठरलेलं होतं: छतावर सौर पॅनेल आणि तळघरात मोठी बॅटरी.

खर्च झेपण्यासारखा नव्हता. पण त्यातला तीस टक्के भाग सरकार करातून सोडतं असं तिने ऐकलं होतं. म्हणून ती दरवर्षी त्यांची कराची कागदपत्रं भरून देणाऱ्या नोरीनकडे गेली.

"पैसे हातात नाही मिळायचे," नोरीन म्हणाली. "तू जो आयकर भरतेस, त्यातून वजा होतील."

"एवढा कर मी वर्षाला भरतच नाही."

"मग उरलेली सवलत पुढच्या वर्षी वापर, त्याच्या पुढच्या वर्षीही. पण मुळात कर लागला पाहिजे ना? डेलमरला खाणीच्या आजारापोटी मिळणाऱ्या भरपाईवर कर नाही. तू नोकरी सोडलीस, की ती सवलत नुसती कागदावर."

ग्लेना त्याच वसंतात निवृत्त होणार होती. गुडघे पार गेले होते. तिने कर्ज काढलं आणि दवाखान्यात सांगितलं, मी आणखी काही वर्षं थांबते. डेलमरला मात्र काही बोलली नाही.

पॅनेल चढत होती तेव्हा डेलमरचा धाकटा भाऊ कर्टिस येऊन अंगणात उभा राहिला. तो अजून खाणीतच होता.

"बापाने जन्मभर कोळसा उपसला आणि तू छतावर आरसे लावतोस?"

"बापाला श्वास लागायचा, ते विसरलास?" डेलमर म्हणाला.

कर्टिस निघून गेला आणि नंतर कित्येक महिने फिरकला नाही.

वसंत सरत आला तरी ग्लेना पहाटे गजर लावून उठतच होती. डेलमरने एक दिवस विचारलंच, आणि तिला सांगावं लागलं.

"म्हणजे माझ्या श्वासासाठी तू दिवसभर उभी राहणार."

"तू आमच्यासाठी खाली उतरायचास, तेव्हा मी अडवलं होतं का? गप्प पड आता."

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तारा तुटल्या. सगळं खोरं अंधारलं, त्यांच्या घरी तेवढा दिवा होता. कर्टिस शिजवलेल्या घेवड्याचं भांडं घेऊन दारात आला आणि भावाशेजारी बसला.

"हे यंत्र त्या काचांवर चालतंय?"

"नाही, तुझ्या टोमण्यांवर," डेलमर म्हणाला. दोघं हसले. हसता हसता डेलमरला खोकल्याची उबळ आली, तेव्हा कर्टिसनेच त्याची पाठ धरली.

डेलमर त्याच्या पुढच्या शरद ऋतूत गेला. वीज होती, यंत्र चालू होतं. छातीनेच साथ सोडली. ग्लेनाने नळी काढली, त्याचा चेहरा पुसला, आणि बऱ्याच वेळाने यंत्र बंद केलं.

ती कामावर जात राहिली. डेलमर गेल्यानंतरच्या वर्षाचा कर भरताना नोरीनने मान वर न करताच सांगितलं, "आता तू एकटी आहेस. एकट्या माणसाला कर जास्त बसतो. त्यामुळे उरलेली सवलत यंदाच्याच करातून वजा होऊन संपली."

"म्हणजे मी नोकरी सोडू शकते?"

"हो."

ग्लेना खुर्चीतून लगेच उठली नाही. नोरीनने तिच्यापुढे कॉफी ठेवली.

जूनमध्ये तिने नोकरी सोडली. आता वीज गेली की वस्तीतले दोन-तीन म्हातारे खाणकामगार आपापली यंत्रं घेऊन तिच्याकडे येतात. ती त्यांच्या नळ्या तपासते, पाठीशी उशा लावते. बोलणं फारसं होत नाही. बोलायला त्यांना श्वास पुरत नाही.