आठवा बोल्ट

आमच्या गॅरेजमध्ये जुन्या नटांचा एक डबा आहे. एक शोधायला जावं, तर नको ते दहा हाताला लागतात. अनंतदादांचे किस्से तसेच. हसायचे म्हणून सांगायला घेतो आणि मध्येच एखादा बोटाला कापतो.

दादा म्हणजे आमचे गॅरेजमालक. लष्कराच्या लिलावातून आलेल्या ट्रकला ट्रेलर ओढायचा हुक बसवावा तर त्यांनीच. मी त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं आहे.

*

पावस गावचे एक बागायतदार असाच ट्रक घेऊन आले. मागे आंब्याच्या पेट्यांचा ट्रेलर लावायचा होता. म्हणाले, आठ बोल्ट कशाला, सरळ चेसीला वेल्डिंग मारा, अर्ध्या तासाचं काम! चेसी तापवली की लोखंडाचा जोर जातो, हे दादा समजावत बसले नाहीत. एवढंच विचारलं, "तुमच्या हापूसच्या कलमाला कधी निखारा लावलाय काय?"

बागायतदार गुपचूप बाकड्यावर बसले. पार संध्याकाळपर्यंत बसले!

*

दुसऱ्या एकाने जुनाच हुक नवा करून आणला. वर ऑइलपेंट, त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. दादांनी माळ अलगद काढून खुंटीला लावली आणि रंग खरवडायला घेतला. अहो, कालच रंगवलाय, म्हणून ट्रकमालक कळवळला.

"मेकप उतरल्याशिवाय मी वय सांगत नाय," दादा म्हणाले.

रंगाखाली बोटभर तडा निघाला.

*

हुक बसवून झाला की दादा एकेका बोल्टवर हातोडी मारायचे. घट्ट बोल्ट टणकन वाजतो, सैल असला तर आवाज बसका येतो. दादांच्या भाषेत बोल्ट 'बोलायला' हवा. आठही बोलल्याशिवाय गाडी हलायची नाही.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हात धुताना, माझ्याकडे पाठ करून. पूर्वी ते आणि त्यांचा थोरला भाऊ मिळून गॅरेज चालवायचे. एका दुपारी दादांनी हुक बसवला, चिऱ्यांनी भरलेला ट्रेलर जोडला. भावाने विचारलं, ठोकून बघितलंस? दादांना भूक लागली होती. बघितलं, म्हणाले. आरे-वारेच्या चढावर हुक सुटला आणि ट्रेलर मागे आला. मागून भाऊ मोटरसायकलवर येत होता.

एवढं सांगून दादांनी हात परत एकदा साबणाने धुतले.

*

इतकी वर्षं हातोड्या मारून दादांचे कान गेले. खिशातला फोन वाजला की आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायचो, आणि दादा शर्टाची बटणं तपासायचे! आम्ही खूप हसायचो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, कानाचं मशीन आणून दिलं. दोन दिवसांत दादांनी ते खुंटीला अडकवलं. म्हणाले, "अख्खं बंदर ऐकू येतं. बोल्ट तेवढा नाय."

मग हातोडी मारून मला विचारायला लागले, "बोलला?" मी मान हलवून सांगायचो. माझ्या कानांवर गाड्या रस्त्याला लागायच्या.

*

गेल्या महिन्यात मिरकरवाड्याच्या एका होडीवाल्याचा ट्रक आला होता. हुक बसला. दादा हातोडी घेऊन खाली वाकले, मी शेजारी उभा. सात बोल्ट झाले, सातही बोलले. तेवढ्यात रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं, मी हात केला.

"बोलला?" दादांनी विचारलं.

तिकडे बघतच मी मान हलवली.

बराच वेळ पुढचं काही होईना, म्हणून वळून बघितलं. हातोडी आठव्या बोल्टपासून वीतभर वर तशीच धरलेली होती, अजून मारलीच नव्हती.

दादांनी ती खाली ठेवली. पाना उचलला आणि पहिल्यापासून आठही बोल्ट सोडवायला घेतले. चौथ्या बोल्टाशी आल्यावर, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भूक लागलीय काय रे तुला?"