धवलारणीचा सत्कार

आमच्या पनवेलमध्ये उन्हाळी महोत्सव कशासाठी भरवतात असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, सत्कारासाठी. नाच, गाणी, आंब्याच्या पदार्थांची स्पर्धा हे सगळं दोन सत्कारांमधली जागा भरायला. आमच्या कॉलनीच्या महोत्सवाचं सूत्रसंचालन सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे, म्हणून हे मी अधिकाराने म्हणते.

या वर्षी मात्र मी हट्टाला पेटले होते. नेऱ्याहून एक मावशी आमच्या गेटवर करवंदं, जांभळं विकायला येतात. एकदा टोपलीशी बसून त्या गुणगुणत होत्या. विचारलं, तर म्हणे धवले. आगरी लग्नात पूर्वी धवलारीण गायल्याशिवाय लग्न लागत नसे, आणि मावशींनी अशी किती लग्नं लावली याची गणती नाही. "आता डीजे हाय. मना कोन बोलवताय?" त्या म्हणाल्या. कित्येक वर्षांत चार माणसांसमोर त्यांचा आवाज निघाला नव्हता. मी तिथेच आमंत्रण दिलं. मावशींनी पंधरा दिवस आंबट सोडलं, थंड पाणी सोडलं. रोज विचारायच्या, "माझा नंबर कितवा?"

तो नंबर टिकवायला मी काय भांडले! आमचे अध्यक्ष माणूस वाईट नाही, पण हातात शाल आली की ते खांदा शोधत फिरतात. मंडपवाल्याचा सत्कार, साउंडवाल्याचा सत्कार, मैदानाशेजारी राहून तक्रार न करणाऱ्या काकांचा सत्कार. मी म्हटलं, "अहो, समोर बसायला कुणी उरणार आहे का?" ते म्हणाले, "मॅडम, ज्याचं नाव राहून जातं तो वर्षभर बोलत नाही." हे खरं होतं, म्हणून तर जास्त संताप यायचा. शेवटी तडजोड झाली. यादी त्यांची, पण साडेआठला मावशींना शाल आणि लगेच त्यांचं गाणं. मैदानाची परवानगी नऊपर्यंतच होती.

त्या संध्याकाळी यादी काही संपेना. नाव, टाळ्या, फोटो, डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. माझा घसा सुकला, डोकं तापलं, एकदाचं आटपू दे एवढंच मनात. अशात मावशींचं नाव आलं. कडक इस्त्रीचं नऊवारी, अंबाड्यात अबोली. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. मावशींनी पदर सावरला, घसा खाकरला. आणि इतका वेळ प्रत्येकाला म्हणत होते तेच माझ्या तोंडून निघून गेलं, "धन्यवाद, आपण आसनस्थ व्हावं."

त्या शाल-नारळ सांभाळत खाली उतरल्या. मी काय करून बसले ते माझ्या लक्षात येईपर्यंत पुढचे गृहस्थ वर येऊन, माझ्या हातातला माइक घेऊन 'दोन शब्द' बोलायला लागले होते. मी खुणा केल्या, अध्यक्षांना चिठ्ठी दिली, त्या गृहस्थांच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. दोन शब्द संपले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि साउंडवाल्याने वायरी गुंडाळायला घेतल्या होत्या. "एकच गाणं," मी हात जोडले. तो म्हणाला, "मॅडम, परवानगी तुम्हीच काढली ना?"

मी मावशींकडे धावले. अध्यक्ष त्यांच्याजवळ उभे राहून सांगत होते, लोककलेचा केवढा मान झाला! मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? मी मावशींची माफी मागितली. म्हटलं, माइक नसला तरी गा, मी ऐकते. त्यांनी समोर पाहिलं. लोक कुल्फीच्या गाडीकडे गेले होते आणि मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता.

"ऱ्हावदे बाय," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शालीची घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "पन घरा सुना जाग्या हान. गाना कसा झाला म्हनून इचारतील. काय सांगू त्यांना?"